बाबांची सिटी ऑटोक्रॉसला न्यायचीय? आधी तिच्यातली ढील काढ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. घरात २०१६ची होंडा सिटी आहे, पेट्रोल, मॅन्युअल, ७८ हजार किलोमीटर झालेली. बाबा इंदूरच्या तिलकनगरहून रोज पीथमपूरला तीच नेतात. तुला या हिवाळ्यात हौशी ऑटोक्रॉसमध्ये उतरायचंय, डांबरी मैदानावर शंकूच्या आकाराचे कोन मांडून, त्यांमधून एकेक गाडी घड्याळाविरुद्ध पळवतात त्या प्रकारात. हाताशी ४० हजार रुपये आहेत. गॅरेजवाल्याने तीन कामं सुचवलीत: जाळीचा स्पोर्ट्स एअर फिल्टर, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर आणि स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं. आणि सोमवारी सकाळी बाबांना गाडी होती तशीच मिळायला हवी.

या तिन्हींपैकी एकही काम करू नकोस. का ते पुढे येईलच. पण गाडीच्या आधी एक घरातलं काम आहे. बाबांना समोर बसवून विम्याची पॉलिसी उघड आणि ‘वापराच्या मर्यादा’ असं जिथे लिहिलंय ते वाच. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं. म्हणजे मैदानात गाडी कुठे आदळली तर दुरुस्तीचा खर्च पूर्ण घरचा. आयोजकांचा विमा असला तर तो कशाकशाला आहे, हे त्यांना लेखी विचार. बाबांनी हे समजून ‘हो’ म्हटलं तरच पुढचं वाच. त्यांना न सांगता गाडी नेलेली मुलं मी पाहिली आहेत. ती मुलं घड्याळाशी लढतच नाहीत, सगळा वेळ बंपर वाचवत बसतात. त्यात शिकणंही होत नाही.

आता गाडीकडे येऊ. कोनांमधली एक फेरी साधारण मिनिटाच्या आतबाहेर संपते. त्यातलं बहुतेक सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच होतं. तुझ्या सिटीचं दीड लिटरचं इंजिन ११९ पीएस (म्हणजे अश्वशक्तीसारखंच ताकदीचं माप) देतं आणि गाडीचं वजन हजार किलोच्या थोडंच वर आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पुढच्या दोन टायरांना एवढी ताकदसुद्धा पेलत नाही. मग सायलेन्सर बदलून आणखी चार पीएस काढले तरी ते जाणार कुठे? वेळ इंजिनामुळे जात नाही. तू स्टिअरिंग फिरवतोस आणि गाडी खरोखर वळायला लागते, या दोन क्षणांमध्ये जी वाट पाहावी लागते तिथे वेळ जातो. ही वाट पाहणं म्हणजे गाडीतली ढील.

तुझ्या पाठीपासून रस्त्यापर्यंत एक साखळी आहे असं समज. पाठ सीटला, हात स्टिअरिंगला, स्टिअरिंग रॅकला, रॅकमधून टाय रॉड (चाक वळवणारी दांडी), मग बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश (जोडांमधले रबर), रिम, टायरची भिंत आणि शेवटी तळव्याएवढा रबराचा तुकडा. यातली प्रत्येक कडी थोडी थोडी सैल असते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, उलट खड्ड्यांत तेवढी ढील बरी वाटते. पण कोनांमध्ये दर दीड-दोन सेकंदांनी दिशा बदलायची असते आणि दरवेळी ही सगळी ढील आधी भरून निघते, मगच गाडी ऐकते. म्हणून मी गाडीत भर घालायला सांगत नाही. एकेक कडी घट्ट करायला सांगतो.

पहिली कडी तू स्वतः. हे फुकट आहे आणि याचा फायदा सगळ्यांत मोठा आहे, तरी याकडेच कुणी बघत नाही. सिटीच्या सीटवर घरच्यांनी चढवलेलं रेक्झिनचं कव्हर असेल तर ते काढून ठेव. त्यावर माणूस घसरतो. सीट इतकी पुढे घे की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठ टेकवून हात सरळ पुढे केलास की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. घरच्या गाडीत आपण यापेक्षा बरेच मागे आणि आडवे बसतो. मग पट्टा लाव. सीट दोन खाचा मागे घे, पट्टा झटका देऊन लॉक कर, आणि लॉक धरून ठेवत सीट पुन्हा पुढे आण. कंबर आणि छाती जागच्या जागी बसतात. डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे क्लचशेजारच्या पाय टेकवायच्या जागेवर, रोव, उजवा गुडघा दाराला हलका टेकव. आता शरीर धरून ठेवायचं काम पाय आणि पट्टा करतील. नाहीतर वळणात माणूस तोल सावरायला स्टिअरिंगलाच लोंबकळतो, आणि ज्या हाताने लोंबकळायचं त्याच हाताने नेमकं फिरवता येत नाही.

दुसरी कडी गाडीखालची. ७८ हजार किलोमीटर आणि पीथमपूरच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता म्हटल्यावर मी लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि इंजिन माउंटिंग तपासल्याशिवाय गाडी सोडणार नाही. गाडी जॅकवर घे, खाली स्टँड लाव. पुढचं चाक वर-खाली धरून हलव, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ३ आणि ९ च्या जागी धरून हलव. तिथे ढील असेल तर बहुधा टाय रॉडचं टोक. शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळल्याची काळी रेघ दिसली की तो संपला, आणि बदलताना जोडीने बदलायचा, एकटा नाही. हे सगळे भाग कंपनीचे मूळ घाल. बाबांच्या गाडीला ते कधी ना कधी लागणारच होते, त्यामुळे हा खर्च शर्यतीच्या खात्यावर टाकूसुद्धा नकोस. शेवटी अलाइनमेंट करून घे आणि पुढचा टो (वरून बघताना चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते) शून्याच्या जवळ, कंपनीच्या मर्यादेतच ठेव. टो बाहेर काढला की गाडी वळणात झटकन तोंड वळवते हे खरं, पण रोजच्या पीथमपूर फेऱ्यांत टायर आतल्या कडेने झिजतात.

इथेच स्प्रिंग कापण्याचं सांगून टाकतो. कापलेली स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या मापाचाच राहतो, मग गाडी उसळत राहते. चाकाचा प्रवास कमी झाल्यामुळे वळणात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाचा प्रवास अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, टेकते आणि पकड एकदम सुटते. सगळ्यांत वाईट म्हणजे आतलं चाक हलकं होऊन खाली लोंबतं तेव्हा आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालत नाहीत. एअर फिल्टरचं म्हणशील तर आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. स्वस्त जाळीतून ती सरळ सिलेंडरमध्ये जाते. कंपनीचा कागदी फिल्टर नवा टाक, तेवढं पुरे.

तिसरी कडी टायर, आणि इथे मी बजेटचा अर्ध्याहून जास्त भाग खर्च करायला सांगेन. आधी आताच्या टायरचं वय बघ. भिंतीवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९च्या २३व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांपलीकडचं रबर नक्षी शाबूत दिसली तरी कडक झालेलं असतं. इंदूरच्या उन्हात दिवसभर कंपनीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं तर नक्कीच. रुंद टायर घालायचा मोह आवर. सिटीचं मूळ माप १७५/६५ आर१५, तेच ठेव, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८४ पेक्षा कमी नको. पैसे रुंदीवर न घालता चांगल्या रबरावर घाल. इंधन वाचवणारा टायर मागू नकोस, ओल्या-कोरड्यात धरणारा माग, आणि दुकानातून ताज्या आठवड्याचाच घे. नवे टायर स्पर्धेच्या निदान २००-३०० किलोमीटर आधी घाल. साच्यातून निघताना रबरावर जो गुळगुळीत थर येतो तो झिजायला एवढं अंतर लागतं.

मग हवा. मैदानावर स्वतः बदलण्यासारखी हीच एक गोष्ट हातात असते, म्हणून हवेचा दाब मोजायचं स्वतःचं गेज घे. पंक्चरवाल्याच्या मशिनीचा आकडा आणि तुझ्या गेजचा आकडा सहज दोन-तीन पीएसआयने वेगळे येतात. जोरात वळताना सगळं वजन बाहेरच्या पुढच्या टायरवर येतं. त्याची भिंत आत दुमडते आणि गाडी नक्षीऐवजी भिंतीवर चालायला लागते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे त्यापेक्षा पुढे ५ पीएसआय जास्त भरून सुरुवात कर, मागे २ जास्त. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीही जायचं नाही. आता पांढरा खडू घे आणि पुढच्या टायरांच्या खांद्यावर, नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, तीन ठिकाणी जाड आडव्या रेघा ओढ. खांद्याजवळ भिंतीवर एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेरी मारून आल्यावर खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर आहे. त्रिकोणाच्या पलीकडे पुसला असेल तर दोन पीएसआय वाढव. खांद्यावर शाबूत राहिला असेल तर टायर नुसता मधल्या पट्ट्यावर चालतोय, दोन कमी कर. मागच्या टायरांच्या हवेशी पहिल्या दिवशी खेळू नकोस. तिथली हवा वाढवली की गाडीची शेपटी सैल होते, आणि ती सावरायची सवय अजून तुझ्या हाताला नाही.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला १० अंश आणि दुपारी २७-२८ असं सहज असतं. साधारण दर ५-६ अंशांना एक पीएसआय वाढतो. म्हणजे सकाळी नेमकी भरलेली हवा दुपारी गाडी उभी असतानाच तीनने वाढलेली असते, आणि पळाल्यावर आणखी. प्रत्येक फेरीनंतर मोजून वहीत लिही. गेज, खडू आणि वही, एवढ्यावर पहिलं अख्खं वर्ष काढता येतं.

चाकाच्या नटांबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो. मी मारुती एस्टीमवर सुरुवात केली. पहिल्याच स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी टायर बदलून घेतले. दुकानातल्या पोराने हवेच्या गनने नट मारले आणि मी तसाच निघालो. तिसऱ्या फेरीत स्टिअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं बॅलन्सिंग गेलं. थांबून पाना लावला तर पुढच्या डाव्या चाकाचे चारपैकी दोन नट हाताने फिरत होते. चूक माझी होती, शेवटचा पाना मी लावायला हवा होता. तेव्हापासून टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे नट नेमका किती घट्ट बसला ते दाखवणाऱ्या पान्याशिवाय, मी मैदानावर पाय ठेवत नाही. सियागंजात हत्यारांच्या दुकानांत मिळतो. तुझ्या सिटीच्या नटांना १०८ न्यूटन-मीटर लागतो. सकाळी एकदा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा तपास, नट समोरासमोरच्या क्रमाने.

ब्रेक. पॅड अर्धे उरले असतील तर चालतील, पण ब्रेक ऑइल नवं घाल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. ताजं डीओटी ४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा, टायरवरच्या डीओटीशी संबंध नाही) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं असलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. मला हे शर्यतीत नाही, भेरूघाटात कळलं. घरचे सगळे गाडीत, ओंकारेश्वरला निघालेलो, उतारावर दोनतीनदा जोरात ब्रेक लावले आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. गिअर खाली टाकत कशीबशी कडेला घेतली. तीन वर्षांचं ऑइल होतं. म्हणून सांगतो, हे काम स्पर्धा रद्द झाली तरी करून घे. डीओटी ५ मात्र घालायचं नाही. ते सिलिकॉनचं असतं, तुझ्या गाडीसाठी नाही. फेरी संपवून आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस. गरम ड्रमवर शू दाबून राहिले की दोन्हींचं नुकसान होतं. गिअरमध्ये उभी कर, चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लाव.

उरलेलं भराभर सांगतो. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला टेकलेलं असावं, वर नको. टाकी निम्मी ठेव. पाव टाकीच्या खाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि इंजिन अडखळतं. कूलंटची पातळी बघ, रेडिएटरच्या जाळीतली माती बाहेरून पाण्याच्या हलक्या धारेने धू. बॅटरीची पट्टी हाताने ओढून बघ, बॅटरी तसूभरही हलता कामा नये. एसी बंद.

मग गाडी रिकामी कर. डिकीतून स्टेपनी, जॅक, टॉमी, छत्र्या, बाबांची डब्याची पिशवी, सगळं बाहेर. दारांच्या खणांतल्या बाटल्या काढ. रबरी मॅट काढ, विशेषतः तुझ्या पायांखालची. पाण्याची बाटली ब्रेक पेडलखाली घरंगळत गेली तर पुढे काय होतं ते सांगायला नको. डॅशबोर्डवरचा गणपती नुसता चिकटपट्टीवर असेल तर आईच्या हातात दे, फेऱ्या होईपर्यंत त्यांच्याजवळ राहील. रिमवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढ. स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीला, टोइंग हुक, सीटबेल्ट, गळती, बॅटरी आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन परत येतो का, हे बघतात. हेल्मेट कुठल्या मानांकनाचं चालेल, कोन पडला तर किती सेकंद दंड, हे नियमपत्रकात आधीच वाच. अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबच्या सोलो (म्हणजे ऑटोक्रॉस) स्पर्धांत एका कोनला २ सेकंद जोडतात. दंड एवढा मोठा असला की एक कोन पाडून मिळवलेला अर्धा सेकंद मातीमोल होतो. स्पर्धेला एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाची परवानगी आहे का आणि त्यासाठी लायसन्स लागतं का, हेही विचारून घे. मातीवरची ऑटोक्रॉस असेल तर ही गाडी नेऊ नकोस. सिटीचं पोट खाली आहे आणि मजबूत गार्डशिवाय पहिला दगड सरळ ऑइल चेंबरला लागेल.

सराव सुपर कॉरिडॉरवर रात्री करायचा, हा विचार डोक्यातून काढून टाक. रस्त्यावर वेगाची चाचणी हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, पण मला भीती कायद्याची नाही. तिथे रात्री सायकलवरून घरी जाणारी माणसं असतात. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचं तू विचारलंयस. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१मध्ये सुरू झाला, पण ते गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे, कुणीही गाडी घेऊन आत शिरावं असं मैदान नाही. आणि मोठ्या लंबगोल ट्रॅकवरचा वेग कोनांमध्ये कामाचाही नाही. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेगात तुला एक गोष्ट शिकता येईल: नजर. चौकात वळताना बॉनेटच्या पुढे बघू नकोस, जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ. हात आपोआप नजरेच्या मागोमाग येतात.

स्पर्धेच्या दिवशी ट्रॅक किमान तीनदा पायी चाल. पहिल्यांदा नुसता रस्ता ओळखायला, दुसऱ्यांदा कुठे ब्रेक सोडायचा ते बघायला, तिसऱ्यांदा डांबर बघायला: कुठे खडी, कुठे तेलाचा डाग, कुठे उतार. पहिल्या काही गाड्या गेल्या की चाकांच्या वाटेवरची धूळ उडून जाते, त्या वाटेबाहेर मात्र ती साचलेलीच राहते. सुरुवातीला क्लच फटकन सोडू नकोस. अडीच-तीन हजार आरपीएमवर घेऊन मऊ सोड. वळणात आत शिरताना हळू, हे सगळे सांगतात. का ते सांगतो. सिटीचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग, साधा, उघडा आहे. वळणात आतलं पुढचं चाक हलकं होतं. तू घाईने ॲक्सिलरेटर दाबलास की सगळा जोर त्या हलक्या चाकाकडे पळतो, ते जागेवर फिरतं, धूर काढतं आणि गाडी सरळ पुढे घसरते. तेव्हा स्टिअरिंग आणखी पिळण्याचा काही उपयोग नाही. ॲक्सिलरेटर थोडा सोड, पुढचा भाग आपोआप धरेल. स्टिअरिंग जितकं सरळ होत जाईल तितकाच पाय खाली जाऊ दे. पहिल्या दिवशी एवढंच जमलं तरी तुझी शेवटची फेरी पहिलीपेक्षा कितीतरी लवकर संपेल.

संध्याकाळी निघण्यापूर्वी गाडी पाच मिनिटं हळू फिरव म्हणजे ब्रेक थंड होतील. टायर गार झाले की हवा स्टिकरवरच्या आकड्यावर आण. नट पुन्हा १०८ वर तपास. चाकांच्या आतून गाडीखाली टॉर्च मारून कुठे ओल दिसते का बघ. स्टेपनी, जॅक, मॅट, गणपती, सगळं जागच्या जागी ठेव. आणि हे करण्याआधी, खडूच्या रेघा पुसल्या जायच्या आत, पुढच्या दोन्ही टायरांच्या खांद्यांचे फोटो काढ. ते आणि वहीतले आकडे मला पाठव. पुढच्या वेळी पुढे किती हवा भरायची ते त्यावरून सांगतो.